माँटगमरीशरचा स्थानिक इतिहास: आडनाव सोडा, शेताचं नाव धरा

सीमावासी

वेल्समधल्या ग्रामीण परगण्यांचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी हा धागा. चर्चा हवेत जाऊ नये म्हणून एकच परगणा घेऊ: माँटगमरीशर. आठव्या हेन्रीच्या कायद्याने १५३६ मध्ये तयार झाला आणि १ एप्रिल १९७४ ला रॅडनॉरशर, ब्रेकनॉकशर यांच्यासोबत पोविसमध्ये विलीन झाला. नकाशावर आज हा परगणा नाही, पण दप्तरं सगळी त्याच्याच नावाने लावलेली आहेत. त्यामुळे सूचीत 'पोविस' टाकून शोधाल तर अर्ध्या गोष्टी निसटतील.

बहुतेक नवखे वंशावळीच्या एखाद्या संकेतस्थळावर आडनाव टाकतात. एकाच पॅरिशमधले, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले, डझनावारी जॉन जोन्स आणि एव्हन डेव्हिस समोर आले की मग हात टेकतात. इथे आडनाव हा धागा नव्हेच. आपल्याकडे मधलं नाव पिढीगणिक बदलतं, तसं तिथे आडनावच बदलत असे. डेव्हिड रीसचा मुलगा एव्हन डेव्हिस, त्याचा मुलगा जॉन एव्हन्स. डोंगराळ पॅरिशमध्ये ही पद्धत अठराव्या शतकातही चालू होती आणि काही घरांत एकोणिसाव्या शतकापर्यंत रेंगाळली. टिकलं ते शेताचं नाव. माणसं यायची-जायची, घर पुन्हा बांधलं जायचं, पण शेताचं नाव तेच राहायचं.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांच्या संकेतस्थळावर सहा इंची आणि पंचवीस इंची ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे उघडा. नाव स्कॉटलंडचं असलं तरी वेल्सचेही आहेत आणि फुकट आहेत. जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पारदर्शकता कमी-जास्त करता येते. शेत सापडलं की पॅरिशची हद्द, टाउनशिपचं (पॅरिशमधल्या वाडीचं) नाव आणि शेजारच्या चार-पाच शेतांची नावं टिपून घ्या. शेजारी पुढे फार कामाला येतात.

२. तिथून वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'प्लेसेस ऑफ वेल्स' या संकेतस्थळावर जाऊन त्याच शेताचा टाइद नकाशा बघा. टाइद म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दशांश. १८३६ च्या कायद्याने धान्याच्या रूपातला दशांश रोख रकमेत बदलला, त्यासाठी पॅरिशगणिक नकाशा आणि तक्ता झाला. मालक, कूळ, तुकड्याचा क्रमांक, तुकड्याचं नाव, पीक की कुरण, क्षेत्रफळ, आकार, सगळं एका ओळीत मिळतं.

३. तक्त्यातलं कुळाचं नाव घेऊन १८४१ ची जनगणना, मग १८५१ ची. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली आहेत आणि नातं लिहिलेलंच नाही. शेताच्या नावाऐवजी कित्येकदा नुसती टाउनशिप असते, तिथे मघाचे शेजारी कामाला येतात: गणकाने ज्या क्रमाने घरं घेतली त्यावरून आपलं घर ओळखता येतं. १८५१ पासून नातं आणि जन्माची पॅरिश मिळते.

४. मग मागे जा. चर्चच्या नोंदवह्या, मृत्युपत्रं, जमीनदारांची खातेपुस्तकं. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदी छापील नमुन्यात आहेत आणि त्यात राहण्याच्या ठिकाणाचा रकाना आहे. तिथेच शेताचं नाव पुन्हा हाती लागतं.

टाउनशिप म्हणजे इथे सोसायट्यांची वसाहत नव्हे, पॅरिशच्या आतली वाडी. पॅरिश अवाढव्य असल्याने प्रशासन वाडीवार चालायचं.

---

गुंठामापक

वाचनखूण साठवली. टाइद तक्त्याबद्दल थोडी भर.

क्षेत्रफळ एकर-रूड-पर्च असं तीन आकड्यांत असतं. १ एकर म्हणजे ४ रूड, १ रूड म्हणजे ४० पर्च. सातबारा वाचणाऱ्याला हे अवघड नाही. आपला गुंठा म्हणजे १२१ चौरस यार्ड, आणि १ पर्च म्हणजे सव्वातीस चौरस यार्ड. म्हणून रूड म्हणजे बरोबर १० गुंठे आणि पर्च म्हणजे पाव गुंठा, जुन्या भाषेत चार आणे. तक्त्यात ६-२-१६ दिसलं तर ६ एकर २४ गुंठे. गुंठ्याची बाजू ३३ फूट, तिकडच्या जमीनमोजणीची गंटरची साखळी ६६ फूट. एकाच घरातली मापं आहेत.

आता चुका कुठे होतात ते. तक्ता नकाशावरच्या क्रमाने लावलेला नसतो. आधी जमीनमालकांच्या आद्याक्षराने, मग त्यांच्या कुळांप्रमाणे असतो. त्यामुळे तुकडा २१४ आणि २१५ नकाशावर चिकटून असले तरी तक्त्यात दहा पानं लांब असू शकतात. एका शेताचे सगळे तुकडे एकत्र करायचे तर कुळाच्या नावाखालची पूर्ण यादी उतरवा. घराच्या तुकड्यापुढे 'घर, इमारती आणि अंगण' एवढंच लिहिलेलं असतं. शेताचं नाव तिथे नसलं तरी तेच घर असतं.

दुसरं, सगळे नकाशे सारखे विश्वासू नाहीत. टाइद आयुक्तांची मोहोर असलेले पहिल्या दर्जाचे नकाशे वेल्समध्ये थोडेच. बाकीचे जुन्या इस्टेट नकाशांवरून जुळवलेले. अंतर मोजायला ते वापरू नका, कोण कुठे होता एवढ्यासाठी वापरा. आणि ज्या जमिनीवर टाइद नव्हता, ती नकाशावर नुसती पांढरी सोडलेली असते. पांढरी जागा म्हणजे पडीक असं समजू नये.

प्रती तीन काढल्या होत्या: आयुक्तांची, बिशपची आणि पॅरिशची. बिशपच्या प्रती अबरिस्टविथला राष्ट्रीय ग्रंथालयात, आयुक्तांच्या लंडनजवळ क्यू इथे नॅशनल आर्काइव्हजमध्ये, तक्ते आयआर २९ आणि नकाशे आयआर ३० या मालिकांत. एका प्रतीची घडी फाटून आकडा गेला असेल तर दुसरी बघा.

---

नवीपालवी

एक बाळबोध प्रश्न. नोंदवह्या फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत, मग सरळ तिथे बाप्तिस्मा शोधला तर बिघडतं कुठे? शेत, नकाशा, तक्ता एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

---

दप्तरदार

@नवीपालवी, बिघडतं असं की नोंद सापडते, पण ती आपल्याच माणसाची आहे हे सिद्ध करता येत नाही. १७७० च्या सुमाराच्या एका पॅरिशच्या वहीत 'जॉन, एव्हन डेव्हिड आणि मेरी यांचा मुलगा' अशी नोंद आहे समजा. हा पुढे जॉन एव्हन्स झाला, जॉन डेव्हिस झाला की जॉन डेव्हिड, हे वही सांगत नाही. यंत्राने केलेल्या सूचीत तो यातल्या कुठल्याही एका नावाखाली असेल, किंवा आडनावाचा रकाना रिकामा असेल. म्हणून शोधताना आडनाव रिकामं सोडा, स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि पॅरिश टाका.

'अप' म्हणजे अमक्याचा मुलगा. स्वरापुढे तोच 'अब' होतो. अप ह्यूचं प्यू झालं, अप रीसचं प्राइस, अप हॅरीचं पॅरी, अप हवेलचं पॉवेल, अब ओवेनचं बोवेन, अब एव्हनचं बेव्हन. एकच माणूस एका कागदावर 'ह्यूज' आणि दुसऱ्यावर 'प्यू' असू शकतो. कारकून इंग्रज असेल तर पहिलं नावही भाषांतरित होतं: इएवानचा जॉन, लौरीची लॉरा, ल्लवेलिनचा लुइस. सतराव्या-अठराव्या शतकात लग्नानंतरही बायका माहेरचंच नाव लावत. दफनाच्या नोंदीत सासरच्या नावाने शोधलं तर सापडणार नाहीत.

मृत्युपत्रांचं या परगण्यात वेगळंच त्रांगडं आहे. १८५८ च्या आधी मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयात सिद्ध होत, आणि माँटगमरीशर चार बिशपांत वाटलेला होता:

बराचसा परगणा सेंट असाफकडे. ल्लानिद्लोइस, ल्लानगीरिग, ट्रेवेग्लविस हा आरविस्टली पट्टा बँगोरकडे. माँटगमरी, चर्चस्टोक, फॉर्डन ही सीमेवरची गावं इंग्लंडातल्या हेरेफर्डकडे. आणि केरी सेंट डेव्हिड्सकडे, ते १८४९ पर्यंत. केरीच्या चर्चवरून ११७६ मध्ये सेंट असाफचा बिशप आणि सेंट डेव्हिड्सच्या बाजूने जेराल्ड ऑफ वेल्स यांच्यात असा तंटा झाला की दोघांनी एकमेकांना बहिष्कृत करायला घेतलं. जेराल्ड जिंकला. म्हणून सहाशे-सातशे वर्षांनंतरच्या केरीच्या शेतकऱ्याचं मृत्युपत्र शोधायला आपण सेंट डेव्हिड्सच्या हाताखालच्या ब्रेकनच्या आर्चडीकनच्या (बिशपच्या दुय्यमाच्या) सूचीत डोकं घालतो.

सेंट असाफ, बँगोर आणि सेंट डेव्हिड्सच्या मृत्युपत्रांच्या चित्रप्रती राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, सगळ्या वेल्सची मिळून १ लाख ९० हजारांवर. हेरेफर्डची हेरेफर्डच्या दप्तरखान्यात. श्रीमंत असेल, किंवा दोन बिशपांच्या हद्दीत मालमत्ता असेल तर कँटरबरीच्या वरिष्ठ न्यायालयात, म्हणजे पुन्हा क्यू.

मृत्युपत्रासोबत मालमत्तेची यादी जोडलेली असेल तर ती आधी वाचा. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती पुष्कळदा सापडते. किती गाई, किती मेंढ्या, लोकरीचं वजन, माग, पितळी भांडी, खोल्यांची नावं. शेताचा इतिहास लिहायला याहून चांगलं साधन नाही.

---

मोडीप्रेमी

+१. तारखांचा सापळाही सांगून ठेवतो. १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. नोंदवहीत '१० फेब्रुवारी १७२३' असेल तर आपल्या हिशोबाने ते १७२४. बाप्तिस्मा एप्रिल १७२३ आणि त्याच मुलाचं दफन फेब्रुवारी १७२३ दिसलं तर वही चुकली नाही, दहा महिन्यांनी मूल गेलं. टिपताना '१७२३/२४' असंच लिहा, स्वतः सुधारून एकच आकडा लिहिलात तर पुढचा वाचणारा पुन्हा सुधारेल.

कोर्टाचे कागद १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये. पण घाबरू नका, साचा ठरलेला असतो: माणसाचं नाव, पॅरिश, धंदा, आरोप. साक्षी मात्र इंग्रजीत लिहून घेतलेल्या असतात आणि मजकूर तिथेच असतो. वेल्सची स्वतंत्र 'ग्रेट सेशन्स' न्यायालयं १५४३ ते १८३० चालली, कागद अबरिस्टविथला. १७३० ते १८३० मधल्या फौजदारी खटल्यांची सूची ऑनलाइन आहे, पॅरिशने शोधता येते. १८३० नंतरचे मोठे खटले असायझेस या इंग्रजी फिरत्या न्यायालयांकडे गेले, म्हणजे क्यूला. ल्लानिद्लोइसचा १८३९ चा चार्टिस्ट (मताधिकार मागणाऱ्या कामगारांचा) उठाव, ज्यात ३० एप्रिलला जमावाने ट्रेवायथन आर्म्स खाणावळीतून पकडलेले साथी सोडवले, त्याचे कागद म्हणून अबरिस्टविथला शोधून उपयोग नाही. क्यूमध्ये गृहखात्याच्या पत्रव्यवहारात बघा. छोटे गुन्हे, रस्ते, पूल, दारूचे परवाने हे क्वार्टर सेशन्सकडे (परगण्याच्या तिमाही न्यायालयाकडे), आणि ते ल्लानड्रिन्डॉड वेल्सच्या पोविस दप्तरखान्यात. तिथे आधी वेळ ठरवूनच जा आणि कागदांचे संदर्भ क्रमांक आधी कळवा.

---

खोडरबर

@दप्तरदार, एक बारीक पुरवणी. नोंदणी जिल्हा आणि परगणा एक नाहीत. १ जुलै १८३७ पासूनच्या सरकारी जन्म-मृत्यू नोंदी नोंदणी जिल्ह्यानुसार लागल्या आहेत. ल्लानव्हल्लिन जिल्ह्यात डेनबीशरचा तुकडा आहे, मखन्ल्लेथ जिल्ह्यात मेरियोनेथ आणि कार्डिगनशरचा. वेल्शपूलच्या बाजूला तर श्रॉपशरच्या पॅरिश आहेत. ल्लानरायाडर-अम-मोख्नान्ट ही पॅरिशच दोन परगण्यांत चिरलेली. विल्यम मॉर्गन तिथे व्हिकर (पॅरिशचा पाद्री) असताना त्याने वेल्श बायबल पूर्ण केलं, ते १५८८ मध्ये छापलं गेलं, एवढ्या नावाजलेल्या गावाचीही अर्धी कागदपत्रं डेनबीशरच्या खाती सापडतात.

सरकारी नोंदणी कचेरीच्या स्वतःच्या सूचीत १८३७ पासूनच्या जन्मांना आईचं माहेरचं आडनाव जोडलेलं आहे. जोन्स-डेव्हिसच्या रानात हीच कुऱ्हाड. पण आईही जोन्स असेल तर… असो.

---

दप्तरदार

हा हा. आई-बाप दोघेही जोन्स हा इथला नित्याचा प्रकार आहे. तेव्हा दाखल्याची प्रत मागवा, त्यावर जन्मठिकाण म्हणून शेताचं नाव असतं. फिरून सीमावासींच्या मुद्द्यावरच आलो.

---

टिपूसटापूस

चर्चच्या वह्यांवर सगळे बोलताहेत, पण एकोणिसाव्या शतकात इथली बहुसंख्य जनता चॅपलमध्ये, म्हणजे सरकारी चर्चपासून फुटलेल्या पंथांच्या प्रार्थनागृहात, जात होती. कॅल्विनिस्टिक मेथडिस्ट, इंडिपेंडंट, बॅप्टिस्ट, वेस्लियन. त्यांचा बाप्तिस्मा पॅरिशच्या वहीत नसण्याची शक्यता मोठी. १८३७ आणि पुन्हा १८५७ मध्ये सरकारने चॅपलांकडून वह्या गोळा केल्या, त्या क्यूला आरजी ४ आणि आरजी ८ मध्ये आहेत. न दिलेल्या वह्या कुठे असतील ते सांगता येत नाही: ग्रंथालय, दप्तरखाना किंवा चॅपलच्या चिटणिसाच्या घरचं कपाट.

लग्नं मात्र चर्चमध्येच शोधा. १७५४ ते १८३७ क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना पॅरिश चर्चमध्येच लग्न करावं लागे. क्वेकरांच्या नोंदी वेगळ्या आणि फार नेटक्या. मायवडजवळच्या डोलोब्रानचे लॉइड हे त्यातलेच. पुढे याच घराण्याच्या बर्मिंगहॅमच्या शाखेतून लॉइड्स बँक निघाली.

चॅपलबद्दल लिहायचं तर ३० मार्च १८५१ ची धार्मिक जनगणना बघा. त्या रविवारी सकाळी, दुपारी, संध्याकाळी किती माणसं आली, बसायच्या जागा किती, इमारत कधीची. आकडे चॅपलवाल्यांनीच भरलेले आहेत, तेव्हा गोल आकड्यांकडे जरा डोळे बारीक करून बघावं. विसाव्या शतकासाठी चॅपलचे छापील वार्षिक अहवाल: सभासदांची नावं आणि कोणी किती वर्गणी दिली. नावापुढे बहुतेकदा शेताचं नाव असतं.

१८४७ च्या शिक्षण-अहवालाचाही उपयोग होतो, वेल्स त्याला 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतं. आयोगाचे तिन्ही सदस्य इंग्रज, वेल्श न येणारे, आणि लोकांच्या नीतीवर शिंतोडे उडवणारे. पण गावोगावच्या शाळेची खोली किती मोठी, मास्तरला पगार किती, मुलं किती, हे तपशील दुसरीकडे मिळत नाहीत. मतं सोडा, मापं घ्या.

---

केशरभात

वर्तमानपत्रांचं कोणी बोललं नाही अजून. 'वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइन' फुकट आहे, ११ लाखांवर पानं, १९१९ पर्यंतची. माँटगमरी काउंटी टाइम्स त्यात आहे. परगण्याचं स्वतःचं पत्र निघण्याआधीच्या काळासाठी श्रूजबरीची पत्रं बघावी लागतात, श्रूजबरी क्रॉनिकल आणि एडोज जर्नल. ती ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हवर, पैसे भरून. जमिनीचे लिलाव, गुरांचे बाजार, कोर्टाच्या बातम्या तिथेच.

शोधताना दोन अडचणी. एक, यंत्राने वाचलेला मजकूर वेल्श नावांवर अडखळतो. लांब नाव दोन तुकड्यांत तोडून, जोडून, मधलं एखादं अक्षर गाळून, असं तीन-चार तऱ्हांनी शोधा. दुसरी अडचण वेल्श व्याकरणाची: शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. 'मेलिन' म्हणजे गिरणी, पण उपपद लागलं की 'अ व्हेलिन'. 'पोन्ट' म्हणजे पूल, त्याचा होतो 'बोन्ट'. एकच शेत एका कागदावर एम खाली, दुसऱ्यावर एफ खाली आणि तिसऱ्यावर वाय खाली सापडतं. वेल्श 'एफ'चा उच्चार व्ह असल्याने इंग्रज कारकून व्ही वापरून लिहितो ते चौथं. शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेली ऐतिहासिक स्थलनामांची यादी आहे, तीत एकाच जागेची वेगवेगळ्या कागदांवरची रूपं एकत्र दिसतात. आधी तिथून रूपांची यादी करा, मग वर्तमानपत्रांकडे वळा.

---

नवीपालवी

@दप्तरदार, पटलं. आता पुढचा प्रश्न. शेतच पाण्याखाली गेलं असेल तर? ल्लानूदिनबद्दल वाचलं होतं.

---

सीमावासी

ल्लानूदिन हे तर या पद्धतीचं उत्तम उदाहरण. लिव्हरपूलला पाणी नेण्यासाठी १८८१ ते १८८८ मध्ये व्हर्नवी नदीवर दगडी धरण बांधलं आणि जुनं गाव बुडालं: चर्च, दोन चॅपल, तीन खाणावळी, दहा शेतघरं, सदतीस घरं. चर्च आणि गाव धरणाजवळ नव्याने वसवलं, जुन्या दफनभूमीतले अवशेषही हलवले.

इथे जागा बघता येत नाही, म्हणून कागद एकमेकांवर ठेवायचे. टाइद नकाशावरून घरांच्या जागा. १८४१ ते १८८१ च्या पाच जनगणना, प्रत्येक घरासाठी एक ओळ. १८९१ च्या जनगणनेत तीच माणसं नव्या गावात, शेजारच्या पॅरिशमध्ये की साउथ वेल्सच्या कोळसाखाणीत, ते शोधा. १८९१ पासून वेल्समध्ये भाषेचाही रकाना आहे, वेल्श, इंग्रजी की दोन्ही. १८८१ च्या जनगणनेत एक धोका आहे: ती झाली एप्रिलमध्ये आणि धरणाचं काम त्याच वर्षी सुरू झालं. उपरे मजूर, गवंडी कुठे दिसले तर त्यांना गावकरी समजून मोजू नका, जन्मठिकाणाचा रकाना बघा. त्यानंतरच्या वर्षांतला मजुरांचा लोंढा कुठल्याच जनगणनेत पूर्ण पकडला गेलेला नाही, त्याला शाळेची रोजनिशी आणि दफनाच्या नोंदी. शाळांच्या रोजनिशा साधारण १८६३ पासूनच्या, मुख्याध्यापकाने लिहिलेल्या: किती मुलं आली, कोणती साथ, कापणीसाठी कोण गैरहजर.

---

मोडीप्रेमी

अवांतर: भारताशी संबंध? पोविस कॅसलमध्ये टिपूचा तंबू आहे ना?

---

दप्तरदार

आहे. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याचं लग्न १७८४ मध्ये पोविसच्या हेन्रिएटा हर्बर्टशी झालं. तो १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर, म्हणजे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा मद्रासलाच. १८०४ मध्ये त्याला अर्ल ऑफ पोविस केलं. किल्ला १९५२ पासून नॅशनल ट्रस्टकडे. तंबू, टिपूच्या सिंहासनावरचं वाघाचं शिर वगैरे वस्तू तिथल्या क्लाइव्ह संग्रहालयात.

स्थानिक इतिहासासाठी मात्र संग्रहालयापेक्षा पोविस इस्टेटचे कागद मोलाचे, ते राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. भाडेपट्टे, खंडाच्या वह्या, इस्टेट नकाशे. जुने पट्टे तीन माणसांच्या हयातीवर दिलेले असत. पट्ट्यात त्या तिघांची नावं, वयं, एकमेकांशी नातं. वह्यांत खरडलेलं 'पैकी एक मयत' सापडलं की मृत्यूचा काळ बांधता येतो.

दुसरा दुवा खासी टेकड्यांचा. माँटगमरीशरचा थॉमस जोन्स १८४१ मध्ये मिशनरी म्हणून चेरापुंजीला पोचला आणि खासीला रोमन लिपी दिली. त्या लेखनावर वेल्श वळण आजही दिसतं. मिशनचे कागद कॅल्विनिस्टिक मेथडिस्ट संग्रहात, अबरिस्टविथलाच.

आणि महाराष्ट्राशी हवा असेल तर युद्धस्मारकं. गावच्या स्मारकावर 'भारतात मृत्यू' असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या सूचीत खडकी बघा. त्याआधीच्या काळात मुंबई इलाख्यात वारलेल्या सैनिक-नोकरदारांची दफनं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत, एन/३ मालिकेत. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या सेवापुस्तिकांपैकी निम्म्याहून अधिक १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाल्या. पुस्तिका मिळाली नाही म्हणून माणूस सैन्यात नव्हताच असं लिहू नका.

---

केशरभात

जमवलेलं लोकांपुढे मांडायचं कसं यावरही लिहा कोणी. गावच्या सभागृहात प्रदर्शन लावलं की लोक जुने फोटो घेऊन येतात आणि नंतर सगळा गोंधळ होतो.

---

खोडरबर

गोंधळ होतो तो फोटो घेताना, नंतर नव्हे. टेबलाशी दोन माणसं ठेवा, एक स्कॅन करणारा, एक लिहून घेणारा. फोटो मालकाला त्याच दिवशी परत. छापील फोटो ६०० डीपीआय, निगेटिव्ह असेल तर २४०० च्या वर, टिफ स्वरूपात. संकेतस्थळासाठी वेगळी जेपेग. फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा, नावं आणि स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. धारिकेच्या नावात पॅरिश, शेत, वर्ष, क्रमांक. वर्ष अंदाजे असेल तर तसं लिहा. फोटोत कोण आहे हे सांगणाऱ्याचं नाव आणि तारीखही टिपा, कारण महिन्याभराने दुसरं कोणी येऊन 'ही ती नव्हेच' म्हणणारच.

एक छोटं संमतीपत्र: फोटो कोणाचा, संकेतस्थळावर टाकायला हरकत नाही ना, दप्तरखान्याला प्रत द्यायची का. फोटो हाती असणं म्हणजे स्वामित्वहक्क असणं नव्हे. छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क राहतो. ऑर्डनन्स सर्व्हेचे प्रकाशनाला पन्नास वर्षं झालेले नकाशे खुले. जॉन थॉमसचे एकोणिसाव्या शतकातले काचेवरचे फोटो राष्ट्रीय ग्रंथालयाने खुले केले आहेत, आपल्या पॅरिशचे त्यात आहेत का ते आधी बघा. चॅपलं आणि त्यांचे उपदेशक यांचे पुष्कळ मिळतात.

ठेवायला जागा: पीपल्स कलेक्शन वेल्स, तिथे गटाचं खातं काढता येतं. मथळे इंग्रजी-वेल्श दोन्हीत लिहा. वेल्श मजकूर कळफलकावर नीट उमटला नाही म्हणून अक्षरांवरच्या टोप्या गाळू नका. गावाबद्दलचं लेखन नियतकालिकाला द्यायचं तर पॉविसलँड क्लब १८६७ पासूनचा, त्याचं 'माँटगमरीशर कलेक्शन्स' आहे. जुने अंक वेल्श जर्नल्सच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, तुमच्या पॅरिशवर शंभर वर्षांपूर्वीच कोणी लिहून ठेवलं असण्याची दाट शक्यता.

आणि एक सक्त सूचना. शेतात सापडलेल्या नाण्याची, भांड्याची अचूक जागा जाहीर करू नका. रात्री धातुशोधक घेऊन येणारे हे धागेसुद्धा वाचतात. वस्तू आधी पुरातत्त्ववाल्यांना कळवा. वेल्समधले चारही पुरातत्त्व न्यास एप्रिल २०२४ पासून 'हेनेब' या एकाच संस्थेत आले आहेत. आणि शेतं ही लोकांची घरं आहेत. आजच्या मालकाला विचारल्याशिवाय अंगणाचे फोटो टाकू नका.

---

नवीपालवी

टाइद तक्त्यात एका शेताच्या तुकड्यांची नावं मिळाली: काइ पँडी, डोल, फ्रीद, काइर ओडिन. यातून काही निघतं का?

---

गुंठामापक

भरपूर निघतं. 'काइ' म्हणजे कुंपणातलं शेत. 'डोल' नदीकाठची गवताळ सपाटी, म्हणजे शेताला पाणी लागून आहे. 'फ्रीद' डोंगरउतारावरचं कुंपण घातलेलं चराऊ रान. म्हणजे शेत नदीपासून डोंगरापर्यंत उभं पसरलंय. पिकाच्या रकान्यात डोलपुढे गवत आणि फ्रीदपुढे कुरण आहे का ते ताडून बघा. 'ओडिन' म्हणजे भट्टी, धान्य वाळवायची किंवा चुन्याची. कोणती ते पंचवीस इंची नकाशावर ठरेल. जवळ खाण दाखवली असेल तर चुन्याची.

'पँडी' सगळ्यात महत्त्वाचा. पँडी म्हणजे विणलेलं लोकरी कापड पाण्याच्या जोरावर कुटून दाट करायची गिरणी. हा फ्लॅनेलचा मुलूख. न्यूटाउन, ल्लानिद्लोइसला मागवाले घराच्या वरच्या मजल्यावर विणत, न्यूटाउनचं वस्त्र-संग्रहालय अशाच घरांत आहे. त्या कापडाला कुटायला ओढ्याकाठी पँडी लागे. तुमच्या काइ पँडीच्या कडेने ओढा आहे का बघा, आणि ओढ्याला समांतर एखादी अरुंद, लांब पट्टी वेगळ्या क्रमांकाची आहे का. ती गिरणीला पाणी नेणारी चर असते, पाणी बंद झालं तरी नकाशावर तिचा आकार राहतो.

गिरणी टाइद नकाशाच्या आधीच बंद पडलेली असेल तर इमारत दिसणार नाही, नुसतं नाव उरलेलं असेल. मग १८४० च्या मागे जाऊन त्याच टाउनशिपमधल्या मृत्युपत्रांत 'फुलर' किंवा 'टकर' असा धंदा शोधा. यादीत माग, कातरी, कापडाचे तागे दिसले की जोडा. पॅरिश कोणती? बिशप कोणाचा ते सांगतो, म्हणजे चुकीच्या सूचीत वेळ जायला नको.

---

नवीपालवी

ट्रेवेग्लविस.

---

दप्तरदार

बँगोर मग. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मृत्युपत्रांच्या सूचीत बँगोरच्या बिशपची हद्द निवडा, पॅरिशचं नाव एक एफ आणि दोन एफ अशा दोन्ही स्पेलिंगने टाका, आडनाव रिकामं ठेवा. १६५० ते १८०० एवढाच काळ लावा, नाहीतर यादी आवरणार नाही.